शुक्रवारच्या चिठ्ठ्या

केसरीनाथ तरेच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की त्याची बायको विनिता पाणी द्यायच्या आधीच सांगायची, "बसा, फक्त त्या पेट्यांना पाय लावू नका."

नारपोलीतल्या त्या दोन खोल्यांत बसायला जागाच थोडी होती. भिंतीला लागून लाकडी पेट्या एकीवर एक रचलेल्या. लूमच्या सुताच्या कांड्या ठेवायच्या पेट्या त्या, शेजारच्या कारखान्याने भंगारात काढलेल्या. केसरीनाथने त्यांत कप्पे पाडले होते आणि प्रत्येक कप्प्यात कापसावर एक दगड आणि दगडाखाली एक चिठ्ठी होती.

पाहुण्याने नुसतं विचारायचा अवकाश, तो एक पेटी ओढून उघडायचा. काचेसारखे हिरवट चौकोनी खडे. भाताच्या पेंढीसारखे, मध्ये बांधल्यागत बारीक आणि दोन्ही टोकांना फुललेले केशरी गुच्छ. केसांपेक्षा बारीक पांढऱ्या सुयांचे गोळे, त्यांच्यावर बोट सोडाच, फुंकरही मारायची नाही. लोक विचारायचे, कुठून आणले, राजस्थानातून का?

"आपल्या इथलेच," केसरीनाथ म्हणायचा. "रस्त्यावर ज्या खडीवरून चालत आलात ना, तिच्याच पोटातले."

तो अंबाडीच्या पुढे एका खदाणीवर सुपरवायझर होता. सुरुंग उडाला की काळ्या फत्तरात मधूनच एखादी पोकळी उघडी पडायची आणि आत हे सगळं भरलेलं असायचं. कामगार त्याला 'चमक' म्हणायचे आणि खडीबरोबर क्रशरमध्ये टाकायचे. केसरीनाथला ते बघवेना. त्याने दोन-चार तुकडे उचलून ऑफिसच्या खिडकीत ठेवले. एकदा मुंबईच्या एका कॉलेजचे प्राध्यापक मुलं घेऊन खदाण बघायला आले. त्यांनी खिडकीतला हिरवा खडा उचलला, त्याचं नाव सांगितलं, इतरांचीही नावं सांगितली. जाताना म्हणाले, "कुठे निघाला, किती खोल, कोणत्या तारखेला, हे प्रत्येकाबरोबर लिहून ठेवा. नाहीतर दहा वर्षांनी तुम्हालासुद्धा सांगता येणार नाही आणि मग हा फक्त एक सुंदर दगड उरेल."

केसरीनाथने ते मनावर घेतलं. अडचण एकच होती. त्याची शाळा आठवीत सुटली होती आणि हजेरीबुकातलं त्याचं अक्षर मालकाला सोडा, त्याचं त्यालाही लागायचं नाही. पेन चांगलं असलं तर अक्षर सुधारेल असं वाटून तो तीनबत्तीच्या बाजारात मुनीर बुबेरेच्या दुकानात गेला. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची.

दुकान कसलं, दोन दुकानांच्या मधली बोळ होती ती. समोर वह्या-पेन्सिली, मागे मुनीरचं टेबल. त्यावर निबा, रबराच्या नळ्या, टीपकागद, शाईच्या दौती. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून तो शाईपेनं दुरुस्त करत बसायचा. त्याने केसरीनाथचं पेन उघडून पाहिलं, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि परत दिलं.

"पेन ठीक आहे. दुरुस्ती हाताची करायला लागेल."

केसरीनाथला हसू आलं. मुनीरने विचारलं, एवढं काय लिहायचंय? तेव्हा त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला खडा काढून टेबलावर ठेवला. मुनीरने भिंग तसंच ठेवून त्याच्यावर वाकून पाहिलं. एक गिऱ्हाईक आलं, ते उभंच राहिलं.

"याला पैलू कुणी पाडले?"

"कुणी नाही. असाच निघतो."

"सुब्हानल्लाह," मुनीर पुटपुटला. मग त्याने एक जाडसर कार्ड कापलं, काळं पेन निवडलं आणि म्हणाला, "सांग. मी लिहितो."

ती पहिली चिठ्ठी.

त्यानंतर अठरा वर्षं हा क्रम चालला. केसरीनाथची सुट्टी शुक्रवारी असायची. मुनीर जुम्म्याची नमाज पढून यायचा आणि अर्धं शटर ओढून घ्यायचा. आत दोघं. केसरीनाथ पिशवीतून आठवड्याचे दगड काढायचा, मुनीर भिंगातून पाहायचा आणि लिहायचा. त्याचं अक्षर म्हणजे मोत्याची ओळ. अपोफिलाइट, स्टिलबाइट, स्कोलेसाइट ही असली नावं, पण त्याच्या हाताखाली तीही घरच्यासारखी दिसायची. एका चिठ्ठीला दहा मिनिटं लागत. चहा दोनदा यायचा.

मुनीरकडे स्वतःचाही खजिना होता. त्याचे आजोबा बोटीवर कारकून होते. एडन, रंगून, जिथे जिथे बोट लागली तिथून त्यांनी एकेक पेन आणलेलं. नंतर मुनीरने भंगारवाल्यांकडून, जुन्या वकिलांच्या घरांतून, कुठून कुठून आणखी मिळवली. नव्वदच्या वर झाली होती. त्यांतली काही तो फक्त शुक्रवारी बाहेर काढायचा.

"हे बघ," असं म्हणून एकदा त्याने एक तपकिरी पेन केसरीनाथच्या हातात दिलं. "याची निब डावीकडून झिजलीय. म्हणजे ज्याचं होतं तो माणूस पेन तिरपं धरायचा. मी त्याला कधी पाहिलं नाही. पण हे घेऊन लिहायला बसलो की माझा हात आपोआप तसा वळतो."

केसरीनाथने लिहून पाहिलं. त्याचा हात कुठेच वळला नाही. पण मुनीरचा चेहरा पाहून त्याला खदाणीतली उघडी पडलेली पोकळी आठवली. पहिल्यांदा ऊन आत शिरतं तेव्हाची.

चिठ्ठीवर आणखी एक ओळ घालायची कल्पना मुनीरची. त्याने एकदा विचारलं, "हा काढला कुणी?"

"राहीबाईने. दगड फोडायला आहे ती. तिची नजर फार तेज."

"मग तिचं नाव नको?"

केसरीनाथला हे कधी सुचलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी लिहिलेलं असायचं, 'सापडला : राहीबाई', किंवा तिच्याबरोबर दगड फोडणाऱ्या गड्याचं, 'सापडला : चिंधू'. त्याने हे खदाणीवर सांगितलं तेव्हा राहीबाई पदर तोंडाला लावून हसली. "माजं नाव रेशनकारडावर बी धड न्हाय, आन दगडावर घातलं व्हय!" पण मग ती चमक दिसली की हातोडी खाली ठेवून हाक मारायला लागली.

शाईचा प्रश्न शहाण्णव साली आला. तोवर मुनीर निळी-काळी पक्की शाई वापरत होता. ती पाण्याने जात नाही, पण पेनात साकळते, निब खाते. आजोबांच्या दोन पेनांच्या निबा तिने खराब केल्या, तेव्हापासून त्याने साधी धुवून जाणारी शाई घेतली. निळी, कधी जांभळी, कधी फिरोजी. चिठ्ठ्या दिसायच्याही सुरेख.

"पाणी लागलं तर?" केसरीनाथने तेव्हा विचारलं होतं.

"घरात, पेटीत, कापसावर ठेवलेल्या दगडाला पाणी कुठून लागणार रे?"

केसरीनाथलाही ते पटलं होतं.

दोन हजार पाच सालच्या जुलैच्या सव्वीस तारखेला केसरीनाथ खदाणीवर होता. खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप लावले होते आणि दुपारनंतर पंप लावण्यात काही अर्थ उरला नाही. वाडा रस्ता बंद झाला. तो दोन दिवस अंबाडीला एका दुकानाच्या माळ्यावर अडकून राहिला. फोन लागत नव्हते. गुरुवारी तो चालत, ट्रकमध्ये बसत, पुन्हा चालत नारपोलीला पोचला, तेव्हा विनिता गल्लीच्या तोंडाशीच भेटली. शेजारच्या कारखान्याच्या गच्चीवर ती वाचली होती. त्याला पाहून ती रडली, आणि मग म्हणाली, "आत जाऊ नका एवढ्यात. जेवा आधी."

तो तसाच आत गेला. भिंतीवर छातीच्या वर चिखलाची रेघ होती. पेट्या कोसळून एकमेकींत अडकल्या होत्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर तो आणि विनिता गाळातून दगड काढत राहिले. दगड बहुतेक होते. पांढऱ्या सुयांचे गोळे मात्र चिखलात दाबले जाऊन नाहीसे झाले होते. बाकीचे बादलीत घालून हलवले की पुन्हा तसेच हिरवे, तसेच केशरी. आणि प्रत्येकाबरोबर कागदाचा एक लगदा. शहाण्णवच्या आधीच्या चिठ्ठ्या फुगल्या होत्या, पण वाचता येत होत्या. दोनशे दहा. पुढच्या चारशे तीस चिठ्ठ्यांवर काही नव्हतं. काहींवर फिकट निळा डाग, काहींवर तोही नाही.

शुक्रवारी दुपारी मुनीर आला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चपला हातात. नमाज पढून नेहमीच्याच वेळी निघाला होता. दारात उभा राहून त्याने आत पाहिलं. केसरीनाथ जमिनीवर बसला होता आणि समोर एका फळीवर ते कोरे लगदे वाळत घातले होते.

मुनीर खाली बसला. एक लगदा हातात घेऊन त्याने उजेडात धरला.

"वही?" केसरीनाथने विचारलं. सगळ्या चिठ्ठ्यांची एक नक्कल मुनीरच्या दुकानातल्या वहीत असायची.

"वहीपण गेली."

"तीपण त्याच शाईने?"

मुनीरने होकारार्थी मान हलवली.

केसरीनाथ उसळला. "मी विचारलं होतं तुला. पाणी लागलं तर, असं विचारलं होतं. तुला तुझ्या निबा प्याऱ्या. आजोबांची पेनं खराब होतील म्हणून माझे दगड मुके केलेस तू. नऊ वर्षं! नऊ वर्षं तू हौस केलीस, मुनीर, रंगीत रंगीत. माझं काय ते तुला कधी कळलंच नाही."

विनिता स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काय बोलताय?"

"खरं तेच बोलतोय. याच्यापेक्षा मी माझ्या घाणेरड्या अक्षरात लिहिलं असतं तर परवडलं असतं."

मुनीर उठला. त्याला दम्याचा त्रास होता. उठताना दोन वेळा थांबावं लागलं. भिंतीला हात लावून तो म्हणाला, "चूक माझीच आहे." मग विनिताकडे वळून, "वहिनी, पाणी उकळून प्या हां," एवढं बोलला आणि चपला हातात घेऊन गल्लीतून निघून गेला.

केसरीनाथ त्याच्या दुकानाबद्दल एक शब्द बोलला नाही. तीनबत्ती नारपोलीपेक्षा खाली आहे, हे त्या वेळी त्याच्या डोक्यात आलंच नाही.

राग आठ-दहा दिवसांत गेला. मग लाज आली आणि लाज रागापेक्षा जास्त दिवस टिकली. विनिता दर शुक्रवारी म्हणायची, "जाऊन या ना." तो म्हणायचा, "जाईन." दुपारी कपडे बदलायचा आणि पुन्हा बसायचा. समोर गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते त्याला सुचायचं नाही. त्या वर्षी दिवाळी आणि ईद चार दिवसांच्या फरकाने आल्या. दरवर्षी विनिता फराळाचा डबा द्यायची आणि मुनीरकडून शीरखुर्मा यायचा. विनिताने डबा भरला. केसरीनाथ म्हणाला, मी देऊन येतो. तो डबा आठ दिवस फळीवर राहिला आणि चकल्या मऊ झाल्या.

डिसेंबरात एका मंगळवारी तो खदाणीवर गाड्या भरून घेत होता. राहीबाई डोक्यावरची पाटी उतरवून त्याच्याजवळ आली.

"तरेभाऊ, तुमचे ते चाचा कसे हायेत? दोन शुक्कर झाले, आलं न्हाय."

"कोण चाचा?"

"तेच की. दाढीवाले. पेनवाले. चिठ्ठीवर नाव घालतात ते."

केसरीनाथला समजेना. "ते इथे येतात?"

"तुमाला ठावं न्हाय?" राहीबाई चकित झाली. "गणपती झाल्यापासनं येतायत. दर शुक्करवारी, दुपारच्याला. एस्टीने येतात आन वर चढत येतात. तोंडाला रुमाल बांधून हितं आमच्यात बसतात धुरळ्यात. वही असते, त्यात दगडाची चित्रं काढलेली. मला इचारतात, राहीबाई, हा हिरवा, ह्याला खालून पांढरा पापुद्रा व्हता, हा कुठं गावला? मंग मी सांगते. मला सगळं न्हाय आठवत, पन पुष्कळ आठवतं. ज्या दिवशी माझ्या पोरीला ताप व्हता त्या दिवशीचा, ज्या दिवशी क्रशरचा पट्टा तुटला त्या दिवशीचा. चिंधूला बी इचारतात. मी म्हटलं, तरेभाऊंना सांगू का, तर म्हनले नको, पुरी झाली की मीच देतो त्यांना."

केसरीनाथने गाडीची पावती तशीच हातात धरली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

"खोकत व्हते लई," राहीबाई म्हणाली. "मागल्या येळेला उतरताना चिंधूने धरून उतरवलं."

तो त्याच दुपारी निघाला. मुनीरचं घर त्याला माहीत होतं, पण तो तिथे फार वेळा गेलेला नव्हता. त्यांची मैत्री दुकानातली. दार मुनीरच्या मुलीने, अतियाने उघडलं. ती उर्दू शाळेत शिकवायची. मुनीरची बायको गेल्यापासून घर तीच बघायची. केसरीनाथला पाहून ती क्षणभर दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली.

"या, केसरीकाका. अब्बा जागे आहेत."

मुनीर खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं पडलं की श्वास कोंडायचा. शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. तो खूप बारीक झाला होता. केसरीनाथला पाहून त्याने नाकावरचा मास्क बाजूला केला आणि उशीखालून वही काढली. साधी, शाळेची, दोनशे पानी.

"एकशे त्र्याहत्तर झाले," तो म्हणाला. एवढं बोलूनच तो धापा टाकायला लागला.

केसरीनाथने वही उघडली. पानापानावर दगडाचं चित्र, पेन्सिलीने, हुबेहूब. प्रत्येक कड, प्रत्येक पापुद्रा. अठरा वर्षं भिंगातून पाहिलेलं मुनीरला तसंच्या तसं आठवत होतं. चित्राखाली नाव, जागा, खोली, तारीख, निदान महिना. आणि 'सापडला : राहीबाई'. सगळं बॉलपेनने लिहिलेलं. बॉलपेन मुनीर हातातसुद्धा धरायचा नाही. कुणी मागितलं तर पुढच्या दुकानात पाठवायचा.

"बॉलपेन?" केसरीनाथच्या तोंडून निघून गेलं.

"पाण्याने जात नाही," मुनीर म्हणाला.

केसरीनाथला बोलायचं होतं. बसमध्ये त्याने वाक्य जुळवलं होतं. पण मुनीरने वहीचं एक पान उलटून त्यावर बोट ठेवलं. "हा... हा चिंधू म्हणतो पूर्वेच्या कड्याचा. राहीबाई म्हणते पश्चिमेचा. तुला काय वाटतं?"

केसरीनाथने पाहिलं. त्याला आठवलं. "पूर्वेचा. त्या दिवशी मी होतो तिथे."

"मग लिही."

"मी?"

"वाचता येईल असं लिही फक्त."

केसरीनाथने बॉलपेन घेऊन 'पूर्व' असं लिहिलं. मुनीर हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. अतियाने येऊन मास्क लावला आणि खुणेने सांगितलं, आता पुरे. केसरीनाथ उठला. उद्या येतो, म्हणाला. उद्या सांगू, असं त्याने मनात ठरवलं. मुनीरने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुनीरला ठाण्याच्या हॉस्पिटलात हलवलं. शुक्रवारी सकाळी तो गेला. जुम्म्याच्या नमाजानंतर त्याला कब्रस्तानात नेलं. केसरीनाथने डोक्याला रुमाल बांधला आणि खांदा दिला. माती टाकायची वेळ आली तेव्हा कुणीतरी त्याला पुढे व्हायला जागा करून दिली.

चाळिसावा झाल्यावर तो पुन्हा अतियाकडे गेला. विनिता बरोबर होती. चहा झाला. अतियाने वही त्याच्या हातात दिली. "तुमची आहे."

"त्याची पेनं तू जपून ठेव हां," केसरीनाथ म्हणाला. "फार हौसेने जमवलेली. आजोबांची तरी..."

अतियाने त्याच्याकडे पाहिलं. "काका, तुम्हाला माहीत नाही?"

"काय?"

"पेनं नाहीत. दुकानात छपरापर्यंत पाणी होतं. त्या दिवशी सगळी पेनं दुकानातच होती, घरात एक नव्हतं. दोन दिवस पाण्यात राहिली. पोलादाच्या निबा गंजून गेल्या. काही पेनं अशी होती, दुधापासून करतात म्हणे तसलं काहीतरी, ती फुगून फुटली. बाकीची कुठे वाहून गेली कळलं नाही. बारा-पंधरा सापडली. अब्बांनी ती आठवडाभर रोज धुतली, पुसली. मग एक दिवस फडक्यात बांधून नेऊन टाकून आले. कुठे टाकली ते सांगितलं नाही."

विनिताने पदर तोंडाला लावला.

"म्हणजे तो शुक्रवारी आमच्याकडे आला तेव्हा..."

"तेव्हा दुकान उघडून बघून झालं होतं त्यांचं. गुरुवारीच. मी म्हटलं, अब्बा, आज नका जाऊ कुठे. तर म्हणाले, केसरीचं घर खोलगट जागेत आहे, बघून येतो."

बाहेर कुठल्याशा कारखान्यात लूम सुरू झाले. केसरीनाथने विचारलं, "अतिया, तो खदाणीवर गेला, धुळीत बसला. त्यानेच गेला का गं? माझ्यामुळे?"

अतिया शिक्षिका होती. उत्तर देण्याआधी विचार करायची तिला सवय होती. "मला माहीत नाही, काका. दमा आधीपासून होता. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य सांगितली होती. तुम्ही ते बोलला नसता तर ते गेले नसते, एवढं खरं आहे. मी अडवलं, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही, हेही खरं आहे." मग म्हणाली, "आणि शुक्रवारी परत आले की बरे दिसायचे. त्या राहीबाईंच्या गोष्टी सांगायचे मला. दुकान गेल्यावर तेवढंच बोलायचे ते."

केसरीनाथ रडला. दुसऱ्याच्या घरात, मुलीच्या वयाच्या बाईसमोर, त्याला थांबवता आलं नाही. अतियाने पाण्याचा पेला आणून जवळ ठेवला. ती स्वतः रडली नाही. तिचं रडून झालं होतं बहुतेक.

त्या उन्हाळ्यात केसरीनाथने नवे कप्पे पाडले आणि वहीवरून चिठ्ठ्या लिहायला बसला. अक्षर वाईटच होतं. विनिता शेजारी बसून एकेक शब्द वाचून बघायची आणि लागला नाही तर दुसरं कार्ड कापून द्यायची. एकशे त्र्याहत्तर चिठ्ठ्यांना पाच महिने लागले.

उरले अडीचशेच्या वर. शुक्रवारी सुट्टी असूनही तो पिशवीत सात-आठ दगड घालून खदाणीवर जायला लागला. दुपारच्या सुट्टीत राहीबाईजवळ बसायचा आणि एकेक पुढे ठेवायचा. काहींचं तिला आठवायचं, काहींचं चिंधूला. पण दिवस जात होते तसं आठवणं कमी होत होतं. दोन हजार सातमध्ये मालकाने खदाण बंद करायचं ठरवलं. जमीन सपाट करून गोडाऊन बांधायची होती. कामगारांना दुसरीकडे बघा म्हणून सांगून झालं होतं.

त्यातल्या एका शुक्रवारी त्याने चार दगड नेले. राहीबाईने तीन ओळखले. चौथा तिने बराच वेळ हातात फिरवला, उन्हात धरला, पदराने पुसला.

"न्हाय आठवत, तरेभाऊ," ती म्हणाली. "काय तरी सांगितलं असतं, पन खोटं कशाला लिवायचं?"

"नको," केसरीनाथ म्हणाला. "नको लिहायला."

तिने दगड परत दिला. तो त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला. पुढच्या आठवड्यापासून ती शहापूरच्या बाजूला वीटभट्टीवर जाणार होती. तिने भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकर मोडून त्याला दिली आणि दोघं सावलीत जेवायला बसली. समोर रोलर जमीन दाबत होता.